नंबरापुढचा डी

धरणगाव
६ ऑक्टोबर १९९१

आयु. निंबाराव यांस,
जय भीम.

पत्र कामाचं आहे, म्हणून लिहितो. नाहीतर बारा वर्षांत लिहिलं नाही ते आजच कशाला लिहिलं असतं?

लीलाधर आबांचा भुऱ्या तुम्हाला आठवत असेलच. त्यांच्या वडिलांनी बासष्ट साली घेतलेला विलायती ट्रॅक्टर. करड्या रंगाचा, म्हणून गावाने त्याला बैलाचं नाव ठेवलं. संक्रांतीनंतर जळगावला कृषी प्रदर्शन भरणार आहे, त्यात जुन्या ट्रॅक्टरांची रांग लागायची आहे. अट एवढीच की भाग सगळे मूळचे हवेत आणि भागांच्या यादीखाली मिस्त्रीची सही हवी. आबांनी यादी माझ्या हातात ठेवली आणि मोकळे झाले.

दोन महिने झाले, मी त्या यंत्रापायी वेडा व्हायचा बाकी आहे. रंगाचे तीन थर खरवडले. लाल, निळा, परत लाल, तेव्हा कुठे करडा लागला. मडगार्ड भलत्याच मॉडेलचे निघाले. दिव्यांचे ब्रॅकेट कोण्या लोहाराने ठोकून बनवलेत. सीट मूळची आहे, खाली शिक्का आहे तिच्या, पण आबांच्या गड्याने तिला गोणपाट शिवून वर खिळे मारले. एकेक बोल्ट पुसायचा, त्याच्या डोक्यावरचं अक्षर वाचायचं, आणि शिवी घालून बाजूला ठेवायचा, असं चाललं आहे.

मागच्या आठवड्यात पुण्याहून परीक्षक साहेब नुसते नजर टाकायला आले होते. खिशात भिंग. सगळं पाहून म्हणाले, "मिस्त्री, इंजिनाच्या डोक्यावरचं हे हेड ह्या मशीनचं नाही. आधीच्या मॉडेलचं आहे. पाण्याची भोकं लहान आहेत ह्याची. इंजिन तापत असेल ना?" मी म्हटलं, ट्रॅक्टर आहे साहेब, तापणारच.

तुम्ही जाताना जे हेड घेऊन गेलात त्याची भोकं मोठी होती, असं मला पुसट आठवतं. ते डुप्लिकेट का असेना, प्रदर्शनात शोभेपुरतं बसवता येईल. अडगळीत पडलं असेल तर एखाद्या ट्रकवाल्याकडे देऊन पाठवावं.

लताला आशीर्वाद. मुलांना पापा.

आपला,
आधार मिस्त्री


धरणगाव
२० ऑक्टोबर १९९१

निंबा,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा पैशांच्या कार्डावर माणूस आणखी चार ओळी लिहितो. तू लिहिलंस काय? "डी म्हणजे काय ते आधी कळवा. मग हेडचं पाहू." ना जय भीम, ना सही. अक्षरावरून ओळखायचं.

जावयाला तुम्ही म्हणावं म्हणून मागच्या पत्रात म्हटलं. ते मला जमत नाही. तू माझ्या हाताखाली पाने-पकडी पुसायला आलास तेव्हापासून तू आहेस. माझी बहीण लता तुला दिली म्हणून काय झालं?

डी म्हणजे काय, ते तुला माहीत नाही असं नाही. जळगावच्या स्पेअरपार्टच्या गल्लीत आपण दोघांनी एकाच बाकावर बसून ऐकलेलं आहे. नंबरापुढे डी दिसला की माल डुप्लिकेट. तो म्हातारा दुकानदार बोट लावून दाखवायचा. मी चौथी शिकलेला माणूस. मला इंग्रजी तेवढंच येतं जेवढं लोखंडावर असतं.

आणि तुला विसर पडला असेल तर सगळं सांगतो. एकोणऐंशीचा एप्रिल. भुऱ्याचं हेड उतरवलं, फेसिंगसाठी, तोंड घासून सपाट करायला, जळगावला पाठवलं. नेलं कोणी? तू. एकट्याने. दीड दिवस ते हेड तुझ्या ताब्यात होतं. तू परत आणलंस ते कॉस्टिकच्या टाकीत धुऊन, नव्यासारखं. दुपारी मला दिलंस आणि लताच्या कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात पळालास. मीच म्हटलं, जा. हेड मी बसवलं, नेहमी बसवतो तसं. दुसऱ्या दिवशी ऑइलमध्ये पाणी. ट्रॅक्टर आबांच्या खळ्यात धूर ओकत उभा, आणि दोन दिवसांवर बाबासाहेबांची जयंती. मिरवणुकीचा रथ भुऱ्याच ओढायचा दरवर्षी, आणि चालवायचास तू.

आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "माझं हेड बदललं कोणी?" मी हेड काढलं, फडक्याने पुसलं, आणि आकड्यांपुढे डी. बारा-तेरा वर्षं त्या यंत्रावर माझा हात फिरला होता, डी मी कधी पाहिला नव्हता. सांग, मी काय समजायचं होतं?

तू म्हणालास, "भाऊ, मी हाईच हेड लई गयथू, हाईच लई उनू." एवढंच. हेच नेलं आणि हेच आणलं, याशिवाय काही नाही; ओरडला नाहीस, शपथ घेतली नाहीस. खरा माणूस ओरडतो, असं मला तेव्हा वाटलं.

आणि एक गोष्ट समजून घे. ह्या गावात आपल्या माणसाचं गॅरेज हे पहिलंच. पाटलांची यंत्रं आपल्या दारात यायला किती वर्षं लागली ते तू पाहिलंस. तिथे एकाने हात मारला असता तर लोक निंबा म्हणाले नसते, त्यांनी बठ्ठ्या वस्तीला, सगळ्यांनाच, धरलं असतं. म्हणून मी आधी बोललो. दुसऱ्याने म्हणण्याआधी मीच तुला चोर म्हटलं, आणि हे डुप्लिकेट घेऊन चालता हो म्हटलं.

म्हटलं तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं. हेड पाठव.

आधार


धरणगाव
१० नोव्हेंबर १९९१

निंबा,

दिवाळीच्या सुट्टीत भुसावळला गेलो होतो. तुझ्या कार्डामुळे गेलो असं समजू नकोस. रेल्वेचे जुने फिटर रुपचंद काका आजारी होते, त्यांना भेटायला गेलो. आता तिथे बसलोच आहे तर विचारावं, म्हणून विचारलं.

म्हातारा खाटेवर उठून बसला. म्हणाला, "आधार, इंजिनाच्या भागाचं ड्रॉइंग असतं. त्यात काही सुधारलं की नंबर तोच ठेवतात, पुढे अक्षर लावतात. पहिली सुधारणा ए, मग बी, मग सी. डी म्हणजे चौथ्यांदा सुधारलेला. भोकं मोठी केली असतील, पाणी जास्त खेळावं म्हणून." मी म्हटलं, मग डुप्लिकेट? तर इतका हसला की खोकल्याची उबळ आली. "अरे, नकली माल करणारा स्वतःच्या मालावर नकली असं लिहील का?"

निंबा, हे वाक्य मला गेल्या बारा वर्षांत एकदा तरी सुचायला नको होतं का? ते मला दुसऱ्याने, तेही आजारी माणसाने सांगावं? येताना गाडीत मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात एवढ्या शिव्या घातल्या की शेजारचा प्रवासी सरकून बसला. माझे ओठ हलत असावेत.

पण रुपचंद काका रेल्वेचे. ट्रॅक्टरचं त्यांना काय माहीत? रेल्वेत डी म्हणजे चौथा असेल. ट्रॅक्टरमध्ये वेगळं असू शकतं. मी एवढ्यावर मानणार नाही. त्याच सालचा, त्याच लॉटचा, कधीही न उघडलेला ट्रॅक्टर कुठे पाहायला मिळाला तर खरं काय ते कळेल. शोधतो.

तू हेड पाठवलं नाहीस. पाठवू नकोस अजून.

आधार


धरणगाव
१ डिसेंबर १९९१

निंबा,

मिळाला.

अमळनेरच्या पुढे, बोरीच्या काठी एका गावात द्रौपदाबाई म्हणून एकटी बाई राहते. तिच्या नवऱ्याने बासष्टलाच घेतलेला, आपल्या भुऱ्याचा सख्खा भाऊ. चेसिसच्या नंबरात एकोणीसचा फरक. दोन वर्षं चालला, मग नवरा वारला. तेव्हापासून गोठ्यात उभा. चाकं मातीत रुतलेली, सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. बाईला वाटलं मी भंगारवाला. काठी घेऊनच आली.

"कसाले हात लावस रे भाऊ? मना मालक गयात तव्हयपाईन तो आठेच उभा शे. कोनीच पाना लावा नही त्याले."

मी म्हटलं, अक्का, पाना लावत नाही, फक्त पुसतो. कोंबडीला हलवत नाही.

रॉकेलचं फडकं घेऊन हेडची बाजू पुसली. अकरा नटांवर कंपनीचा करडा रंग जसाच्या तसा, एकाही नटाचा कोपरा झिजलेला नाही. म्हणजे हे हेड कारखान्यातून निघालं त्या दिवसापासून जागचं हललेलं नाही. आकडे जाड रंगाखाली बुजलेले, बोटाने चाचपावे लागले. मी चाचपत गेलो. शेवटचा आकडा संपला आणि पुढे बोटाला गोलाई लागली. एक उभी रेघ आणि तिला पोट. डी. वर कंपनीचाच रंग.

आता कळलं, आपल्या भुऱ्यावरही तो पहिल्यापासून होता. रंग आणि काजळी त्यावर बसलेली. तू जळगावला कॉस्टिकमध्ये धुऊन आणलंस म्हणून तो उघडा पडला. काम नीट करून आणलंस, आणि त्याच कामाने तू चोर ठरलास.

मी तिथेच शेणात बसलो. द्रौपदाबाईने पाणी दिलं. "काय हरपनं तुनं?" विचारत होती. तिला काय सांगू?

आणि पुढचं ऐक. तुला घालवल्यावर मी भुऱ्याला जे हेड आणून बसवलं, ओरिजनल म्हणून, नंबरापुढे काही नाही म्हणून छाती पुढे काढून, ते जुन्या मॉडेलचं. लहान भोकांचं. बारा वर्षं ते इंजिन तापतंय आणि मी आबांना सांगतोय, पाणी बदला, पट्टा बदला, ऊन फार आहे. साहेबाने भिंगातून दोन मिनिटांत पाहिलं ते मला बारा वर्षं दिसलं नाही. असल्या माणसाला लोक मिस्त्री म्हणतात.

तू खरं बोलत होतास. हे लिहून झालं. आता पाकीट बंद करतो, नाहीतर फाडून टाकीन.

आधार


धरणगाव
२२ डिसेंबर १९९१

निंबा,

तुझं उत्तर नाही. मागू कोणत्या तोंडाने, तेही कळत नाही, पण राग येतोच. दुपारी पोस्टमन दिसला की मी गाडीखालून बाहेर येतो आणि तो हात हलवून पुढे जातो. आता तर तो लांबूनच हलवतो.

सहा डिसेंबरला विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. बठ्ठी वस्ती होती. मला बोलायची सवय नाही, माहीत आहे तुला. म्हटलं, एकोणऐंशी साली मी निंबाला चोर म्हटलं ते खोटं होतं. हेड ओरिजनल होतं. डी म्हणजे डुप्लिकेट नव्हे. मग मी डीचा अर्थ समजावून सांगायला लागलो, ए, बी, सी, आणि लोक एकमेकांकडे पाहायला लागले. झुंबरबाई पुढेच बसली होती. म्हणाली, "आमले कसाले सांगस? त्याले सांग ना." मी खाली बसलो.

काल यादी पुरी केली. हेडच्या रकान्यात मी असं लिहिलं: "हेड, नंबरापुढे डी, मूळचेच. सध्या बसवलेले चुकीचे. मूळ हेड निंबा मिस्त्री, सोनगीर, यांनी १९७९ मध्ये ओळखले होते. आधार मिस्त्री यांना ओळखता आले नाही." आबांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नंबर लिही, बाकी पुराण कशाला? ही यादी प्रदर्शनात मोठ्याने वाचतात." मी म्हटलं, म्हणून तर लिहिलंय. म्हणाले, माझ्या ट्रॅक्टरच्या यादीत तुमच्या घरच्या भानगडी नकोत. मी म्हटलं, आबा, तुमच्याच खळ्यात, तुमच्यासमोर झालेली भानगड आहे. ती ओळ काढायची तर माझी सहीही काढा, दुसरा मिस्त्री बघा.

त्यांनी यादी परत एकदा वाचली. मग म्हणाले, "त्या दिवशी बोललो मीही होतो." आणि यादी घडी करून खिशात घातली. ओळ ठेवली की नाही ते प्रदर्शनातच कळेल. हल्ली मला कशाचाच भरवसा वाटत नाही.

लताची पोरगी आता बारा वर्षांची असेल. ती जन्मली त्याच आठवड्यात मी तिच्या बापाला दाराबाहेर काढलं, आणि लता तान्हं बाळ घेऊन तुझ्यामागे गेली. यंदा बाबासाहेबांच्या शंभराव्या जयंतीला तरी लता येईल म्हणून मी स्टँडवर उभा होतो. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

आधार


धरणगाव
५ जानेवारी १९९२

निंबा,

हेड आलं.

गुरुवारी दुपारी मुंबई-आग्रा रोडवरचा एक ट्रकवाला वाट वाकडी करून धरणगावात आला आणि "आधार मिस्त्री कोण?" म्हणून ओरडला. गोणपाटात बांधलेलं, वर सुतळीच्या दोन गाठी. चिठ्ठी नाही. मी गोणपाट तीनदा झटकलं, उलटं करून पाहिलं. खरंच नाही.

मी समजत होतो, गंजून पोपडे उडालेलं हेड येईल. गोणपाटाच्या आत मेणकापड, मेणकापडाच्या आत ग्रीस. बोटभर जाड, ताजं. असं ग्रीस एकदा लावून बारा वर्षं राहत नाही. म्हणजे तू दर पावसाळ्याआधी ते उघडून पुसत होतास, परत लावत होतास. जे हेड तुला चोर ठरवून गेलं त्याला तू गंज चढू दिला नाहीस. मी ग्रीस पुसत होतो आणि मला माझाच राग येत होता, तुझाही येत होता. एवढं जपून ठेवलंस तर बारा वर्षांत एकदा येऊन माझ्या टाळक्यात का घातलं नाहीस ते?

मग मी सरळ पट्टी घेतली. हेडच्या तोंडावर आडवी ठेवली, उभी ठेवली, तिरकी ठेवली, खालून उजेड दिसतो का पाहिलं. कुठे केसभरही नाही. फेसिंगवर जळगावच्या त्याच मशीनच्या बारीक रेघा अजून आहेत. तू आणलंस तसंच आहे ते, दोष त्यात कधीच नव्हता.

आता उरलेलं लिहितो. विहारात सांगितलं नाही, आबांना सांगितलं नाही, तुला लिहिलेल्या मागच्या पाच पत्रांतही गाळलं. दुसऱ्या पत्रात मी लिहिलं होतं की हेड मी नेहमी बसवतो तसं बसवलं. ते खोटं आहे.

आपण हेड कसं बसवायचो? मी पाना धरायचो आणि तू समोर उभा राहून आकडा सांगायचास. मधला एक, त्याच्या डावीकडचा दोन, उजवीकडचा तीन, असे मधून कडेला सरकत अकरा. मग परत एकपासून, आणखी थोडं. पाढे म्हणावेत तसा तू म्हणायचास आणि मी वैतागायचो, की कळतंय मला, गप बस. त्या दुपारी तू दवाखान्यात होतास. जयंतीची घाई, आबा डोक्यावर उभे, लताची काळजी. मी रेडिएटरच्या कडेने सुरुवात केली आणि एका ओळीने करकचून दुसऱ्या कडेला गेलो. हेडखालचं पाणी अडवणारं गॅस्केट एका बाजूने उचललं असणार. म्हणून पाणी ऑइलमध्ये गेलं. हेड काढताना उचललेली जागा मी पाहिली होती, निंबा. आधी ती जागा पाहिली आणि मग डी पाहिला. डी सापडला तेव्हा मला जो आनंद झाला तो मी आजवर कोणाला सांगितला नाही. चूक माझ्या हाताची नव्हती, एवढंच मला ऐकायचं होतं, आणि त्या अक्षराने ते ऐकवलं.

म्हणजे डीचा अर्थ मला कळत नव्हता हे खरं. पण कळला असता तरी मी त्या दिवशी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

हे मी तुला लिहून मोकळा होणार नाही, हे जाणतो. मला ते आबांच्या खळ्यात, जिथे तुला म्हटलं तिथेच उभं राहून म्हणायचं आहे, आणि म्हणताना तू समोर पाहिजेस. झुंबरबाईचं बरोबर होतं, इतरांना सांगून काय होणार?

भुऱ्या खळ्यात उभा आहे. बारा वर्षांपूर्वी मी चढवलेलं हेड उतरवून ठेवलं. ब्लॉक साफ केला, स्टडना तेल दिलं, गॅस्केट नवं आहे. तुझं हेड शेजारी पाटावर फडक्याखाली आहे. आबा रोज विचारतात, बसवत का नाहीस, दिवस किती राहिले. मी सांगतो, माणूस यायचा आहे. कोण, ते विचारत नाहीत. काल त्यांनी स्वतःहून खळं झाडून घेतलं.

प्रदर्शन अठरा तारखेला आहे. सोनगीरहून सकाळच्या गाडीने निघालास तर दुपारी पोचशील. लता आणि पोरगी आल्या तर पोरगी मामाला ओळखणार नाही, ते मी सोसीन. तू आला नाहीस तरी यादीतली ओळ माझ्याकडून बदलणार नाही, आणि मी ते खळ्यात म्हणणारच. पण हेड मी एकट्याने बसवणार नाही. भुऱ्या उघड्या इंजिनाने तसाच उभा राहील, प्रदर्शन गेलं तरी चालेल.

अकरा नट आहेत. पहिला कोणता ते मला माहीत आहे. तरी तू सांग.

आधार